पाटीभर टोकं

गोष्ट ऐकायच्या आधी एक पैज लावा. एका गावच्या पाटलानं गावातल्या समद्या चाकूंची टोकं मोडायला लावली. सांगा बघू, शेवटी काय झालं आसंल? पोरं म्हणतील, पाटलाच्याच पायात काटा मोडला आन् काढायला टोक गावलं न्हाई. म्हातारी माणसं माना हलवतील, व्हय व्हय, तसंच झालं आसंल. अर्ध्यापतुर आलात, पण अर्ध्या उत्तराला हितं शाबासकी मिळत न्हाई. तवा गप बसा आन् ऐका.

लई लई मागं, डोंगरांना आजून नावं पडायची व्हती, त्या वक्ताला माळाच्या कडंला एक गाव व्हतं. त्या गावात माणसांपेक्षा काटं जास्त. बाभळीचं काटं, बोरीचं काटं, हिवराचं काटं, आन् खाली भुईवर सराटं. माणूस घरातनं निघाला की दहाव्या पावलाला एका पायावर उभा!

म्हणून त्या गावात ज्याच्या-त्याच्या जवळ मिटता चाकू असायचा. बाप्यांच्या करदोड्याला, बायांच्या कनवटीला. आन् गावाचा एक रिवाज व्हता. बांधावर कुणी पाय वर करून बसलेलं दिसलं, तर त्याला वलांडून पुढं जायचं न्हाई. थांबायचं, चाकू काढायचा, काटा काढायचा, मंगच वाट धरायची. बसलेला तुमचा सख्खा वैरी का असंना! दोन भाऊ व्हते, बांधावरनं भांडलेले. सात वर्सं एकमेकाचं तोंड बघत नव्हते. एकाच्या पायात काटा मोडला तवा दुसऱ्यानं तोंडाकडं बघितलं न्हाई, नुसत्या टाचंकडं बघून काटा काढला आन् त्या टाचंलाच शिव्या घालून निघून गेला. आसा कडक रिवाज.

हे समदे चाकू गावचा लोहार करायचा. मूठ बाभळीची, पातं बोटभर, आन् मुठीत मिटायला बिजागरी. पण लोहाराचा जीव टोकात. पातं तापवून तो शेवटाला निमुळतं करायचा, टोकाला जपून पाणी द्यायचा, चुर्रर्र! मंग जोंधळ्याचा एक दाणा ऐरणीवर ठेवायचा आन् चाकूच्या टोकानं त्या दाण्याचा नुसता डोळा, म्हंजे कोंबाचा ठिपका, उचलून दाखवायचा. दाणा फुटला तर चाकू परत भट्टीत. म्हणायचा, "धार काय, दगडावर घासली की कुणाला बी येती. टोकाला मातुर हात लागतो."

आता आला आपला पाटील. माणूस वाईट नव्हता. पण त्याला एक खोड व्हती, त्याच्याकडनं चूक झाली की ती दुसऱ्याच्या अंगावर झटकायची. ठेच लागली की दगडाला चाबूक मारायचा.

एका दुपारी पाटील चावडीच्या कट्ट्यावर वाळूक कापून खात बसला व्हता. चावडीत दुसरं कुणी न्हाई. खाऊन झालं. चाकू मिटायला पायजे व्हता, तो त्यानं उघडाच शेजारी ठेवला. उठला, बिया थुंकून आला, धोतर सावरलं आन् मोठ्या रुबाबात परत बसला.

कुठं बसला, ते काय सांगायला पायजे?

त्याच वक्ताला लोहार नांगराचा फाळ खांद्यावर घेऊन चावडीच्या पायऱ्या चढत व्हता. त्यानं बघितलं, की पाटील बसला आन् बसल्या-बसल्या हातभर वर उडाला. कोंबडीला बी येवढं उडता येत न्हाई. लोहारानं हसू दाबलं, दाबता-दाबता डोळ्यांत पाणी आलं. पुढं होऊन म्हणाला, "पाटील, टोक आत ऱ्हायलंय का बघू का?"

"मागं हो!" पाटील वरडला. मंग दोन्ही हात मागं धरून खालच्या आवाजात म्हणाला, "लोहारा, ह्यो शब्द गावात जाता कामा नये. ऐरणीची आण घे."

लोहाराला दया आली. माणसाची लाज राखावी, त्यात काय जातंय, आसं त्याला वाटलं. त्यानं आण घेतली. आन् तिथंच चुकला बिचारा.

दुसऱ्या दिवशी दवंडी झाली. "ऐका हो ऐका! चाकूचं टोक माणसाच्या मागं लागतं, ते गावाच्या भल्याचं न्हाई हो! ज्यानं-त्यानं आपला चाकू लोहाराच्या ऐरणीवर नेऊन टोक मोडून घ्यावं! ज्याच्यापाशी टोक गावंल तो गावाबाहेर! जो नवं टोक काढून दील त्याचा भाता फाडला जाईल हो!"

लोहाराच्या डोक्यात निखारा पडला. तो तसाच चावडीवर गेला. गाव जमलंच व्हतं.

"पाटील, टोक कशापायी मोडायचं?"

"धोक्याचं हाय म्हणून."

"धारंनं बोटं कापत्यात. मंग धार बी घालवू?"

"धारंवर कोण बसलंय?" पाटील बोलून गेला आन् जीभ चावली.

"आन् टोकावर कोण बसलंय, बाबा?" मागनं एका म्हातारीनं इचारलं.

चावडी खदाखदा हसली. पाटील लाल झाला. त्यानं लोहाराकडं आसं बघितलं, की बोल, मोड आण, बोल. लोहाराचं तोंड उघडलं आन् मिटलं. ऐरणीची आण व्हती. ऐरणीवरच त्याचं घर चालायचं.

"मंग टोक न्हाई तर काटा कशानं काढायचा?" त्यानं इचारलं.

"काटा पायात जातो तो तुमच्या बेसावधपणानं," पाटील म्हणाला. "बघून चालावं माणसानं."

बघून चालावं! आन् बघून बसायचं कुणी? लोहाराच्या जिभंवर आलं व्हतं. पण पाटलाच्या हातात गाव व्हतं आन् लोहाराच्या हातात नुसता हातोडा.

तीन दिवस ऐरणीवर टोकं मोडली. ज्या हातानं घडवली त्याच हातानं. टक्. टक्. टक्. बाया-बाप्ये रांगंत उभे. जो-तो चाकू देताना तोंड फिरवायचा. पाटील उभ्यानंच देखरेख करत व्हता. बसायची सोय नव्हती.

लोहारीण भाता वढता-वढता बघत व्हती. ती म्हणाली, "अवं, तुमच्या तोंडात काय लोखंड वतलंय का? समद्या गावाला काय बी बोलता आन् ह्या येड्यापुढं मुकं?"

"गप गं," लोहार म्हणाला. रातभर त्याला झोप न्हाई. एकच इचार, चाकूला मिटायची बिजागरी दिली ती काय शोभंला? मिटायचा कट्टाळा एकाचा, आन् टोक गेलं समद्यांचं!

तिसऱ्या दिवशी ऐरणीखाली पाटीभर टोकं जमली. लोहार म्हणाला, "पाटील, ही मला द्या. वितळवून नांगराचा एक फाळ करतो. बारीक लोखंड उघड्यावर ऱ्हाऊ नये."

पाटलाचं डोळं बारीक झालं. त्याला वाटलं, ह्यो टोकं परत पात्यांना जोडणार. म्हणाला, "न्हाई द्यायची."

"मंग पुरा खोल खड्डा करून."

"पुरली तर तू उकरशील."

"नदीत टाका."

"नदी लांब हाय. वाटंत लोक उचलत्याल." पाटलानं इचार केला आन् लई हुशारीचं उत्तर काढलं. "माझ्या उकिरड्यात टाका. शेणात कोण हात घालतोय?"

लोहार वरडला, "अवं, मुठीत टोक आसलं तर ते कुठं हाय ते दिसतं तरी! सुटं टोक कुणाला दिसणार?"

"तुझं काम झालं, लोहारा. घरला जा," पाटील म्हणाला. आन् पाटी उकिरड्यात रिकामी झाली. वर शेण पडलं, पाचट पडलं, राख पडली. टोकं दिसंनाशी झाली. गाव इसरलं. लोहार मातुर इसरला न्हाई.

पुढं गावाची दशा बघा. बांधावर माणसं पाय वर करून बसलेली. येणारा-जाणारा रिवाजापरमाणं थांबायचा, बोथट चाकू काढायचा, खरवडायचा, खरवडायचा, काटा आजून आत. मंग तो बी शेजारी बसायचा. सांजंच्याला बांधावर माणसांची रांग लागायची, जसे साळुंक्यांचे थवे. तुम्ही म्हणाल, सुया नव्हत्या का? व्हत्या की. पण ज्याची टाच चिंचंच्या सालीगत झालीय, त्याच्या टाचंत सुई घालून बघा. सुई वाकती, माणूस बोंबलतो आन् काटा आतनं हसतो.

पोत्याची शिवण उसवायची तर दातानं. बैलाच्या खुरातला खडा काढायचा तर नखानं. चामड्याला भोक पाडायचं तर खिळा तापवा. परत्येक कामाला दुप्पट वेळ. आन् पाटील चावडीवरनं सांगतोय, "बघा, वर्षात एकालाबी टोक लागलं का?"

न्हाई लागलं. टोकच न्हाई तर लागतंय कशाला! लोहार हे ऐकायचा आन् हातोडा आसा आपटायचा की शेजारची कोंबडी अंडं घालायची थांबायची.

चैत सरला. उकिरडं उपसून खत रानात टाकायचं दिस आले. पाटलाच्या उकिरड्याचं खत पाटलाच्या शिवंजवळच्या रानात गेलं. धुरपदा नावाची एक बाई मजुरीनं खत पसरत व्हती. अनवाणी. रानाच्या मातीवर चप्पल घालून जायचं न्हाई, आसं ती माणसं मानायची. पसरता-पसरता तिच्या टाचंत काय तरी घुसलं.

ती बांधावर बसली. पाय वर. येणाऱ्यांनी खरवडलं. निघालं न्हाई. चार दिवसांनी पाय सुजला, आठव्या दिवशी तिला उभं ऱ्हाता येईना. तशीच बांधावर आणून बसवली व्हती, कुणाच्या तरी हाताला येश येईल म्हणून.

लोहार त्या वाटंनं चालला व्हता. थांबला. टाच हातात घेतली, अंगठ्यानं दाबली. आत काय तरी कडक लागलं. काटा आसा लागत न्हाई. काटा दबतो. हे दबत नव्हतं.

लोहारानं ओळखलं. ते त्याचंच लोखंड व्हतं.

"दादा, हाय का रं मोठा काटा?" धुरपदानं इचारलं.

"काटा न्हाई, बाई."

"मंग काय हाय?"

"मी घडवलेलं हाय. आन् मीच मोडलेलं."

तो उठला आन् तडक घरी गेला. लोहारणीला म्हणाला, "भाता वढ."

"काय करताय?"

"टोक काढतो."

"भाता फाडतील की!"

"फाडू दे. त्या बाईच्या टाचंत माझं टोक हाय आन् माझ्या हातात बोथट पातं. वढ!"

भर दुपारी, दार उघडं ठेवून, समद्या गावाच्या देखत त्यानं एका चाकूला टोक काढलं. पाणी दिलं. चुर्रर्र! तसाच चाकू उंच धरून तो बांधावर गेला. धुरपदाच्या टाचंची जाड कातडी टोकानं अलगद उचलली, पू काढला आन् आतनं गव्हाच्या दाण्यायेवढं काळं लोखंड बाहेर काढलं. तळहातावर ठेवून भवतालच्या समद्यांना दाखवलं.

"ओळखा," तो म्हणाला. "तुमच्यापैकी कुणाचं तरी हाय."

ज्यानं-त्यानं आपल्या पायाकडं बघितलं. त्या रानात आजून पाटीभर व्हती!

बाई वाचली, पण आठ दिवस उशीर झाला व्हता. जलमभर ती टाच टेकायची न्हाई. ती कशावर सुदिक बसली नव्हती, बिचारी.

सांजंला पाटलाची माणसं आली आन् लोहाराचा भाता फाडला. नव्या भात्याचं चामडं, उभं चिरलं. लोहारीण दारात उभी ऱ्हाऊन म्हणाली, "बोथट चाकूनं फाडताय व्हय रं? लागंल हां वेळ." आन् खरंच वेळ लागला. घाम पुसत-पुसत फाडला. निरोप आला, उद्या सकाळी गाव सोडायचं.

आन् त्याच सकाळी नांगरणीचा मुहुर्त व्हता. गावचा रिवाज, पाटलानं आपल्या रानात पूर्वेला तोंड करून अनवाणी पाच पावलं चालायची, मागनं नांगर. गाव बांधावर उभं. कुणीतरी म्हणालं, "पाटील, औंदा वहाणा घाला. रानात टोकं हायत."

वहाणा घालायच्या म्हंजे टोकं हायत ते कबूल करायचं. पाटील म्हणाला, "रानात काय न्हाई. लोहारानं तुमच्या डोक्यात घातलंय."

पहिलं पाऊल. दुसरं. तिसऱ्या पावलाला पाटलाचं तोंड आसं झालं, जसं कुणी कच्ची कैरी दाताखाली दिली. पण थांबला न्हाई. चौथं टाकलं, पाचवं टाकलं. परत्येक पावलाला टोक आत, आत. आन् गावाकडं बघून हसला.

लोहार आन् लोहारीण गाडीत ऐरण टाकून शिवंकडं निघाली व्हती. शिवंवरच्या बाभळीमागं बघत्यात तर पाटील. एकटा. पाय वर करून बसलेला.

लोहारीण म्हणाली, "गाडी हाका."

लोहारानं बैल थांबवलं. त्याचं रक्त उकळत व्हतं. ह्याच्यापायी बाई लंगडी झाली, ह्याच्यापायी भाता गेला, आन् ह्यो हितं! पण पाय वर करून बसलेल्याला वलांडायचं न्हाई. त्यानं चाकू काढला, उघडला आन् भुईवर गुडघं टेकलं.

"पाय द्या."

पाटलानं पाय वढून घेतला. "काय झालं न्हाई. दम खातोय."

"पाटील, टोक आत गेलंय. आज निघंल. उद्याला पाय जाईल. द्या."

"तुझा चाकू ह्या गावात चालत न्हाई."

"ही शीव हाय. गाव मागं ऱ्हायलं."

पाटलानं मान वळवली. लांब बांधावर बाया थांबल्या व्हत्या, बघत. पाटील कुजबुजला, "लोहारा, टोकानं माझा पाय बरा झाला, तर उद्या इचारतील, मंग टोकं मोडली कशापायी? काय सांगू?"

"खरं सांगा. चाकू मिटायचा इसरलो आन् वर बसलो."

"हसतील."

"हसतील की! म्या बी हसणार हाय, वरसभर दाबून ठेवलंय! एक दिस हसतील, दुसऱ्या दिशी इसरतील. ह्या रानातली टोकं येचायला समदं गाव येईल. पाय द्या, पाटील!"

पाटलानं पायाकडं बघितलं. मंग बांधावरल्या बायांकडं बघितलं. आन् म्हणाला, "तू जा."

लोहार गेला न्हाई. सूर्य डोक्यावर आला, कलला, तरी गुडघ्यावरच. शेवटी पाटीलच उठला. बाभळीची फांदी धरून, लंगडत, पर ताठ मानंनं गावाकडं गेला. लोहार चाकू मिटत म्हणाला, "माझा रिवाज म्या पाळला. येवढं अडेल टाळकं माझ्या ऐरणीनं बी बघितलं नसंल."

त्यानं शिवंच्या पलीकडं झोपडी घातली. तेच फाडलेलं चामडं शिवून भाता केला. मंग गाव तिकडं लोटलं. एक-एक जण चाकू घेऊन यायचा आन् टोक घेऊन जायचा. पाटलाच्या माणसांनी बी टोकं करून घेतली. कुणाला गावाबाहेर काढायचं म्हटलं, तर समदं गावच काढायला लागलं आसतं.

तिकडं पाटलाचा पाय टाचंपास्नं घोट्यापतुर काळा पडला. इचारलं की म्हणायचा, "मुरगळलाय." मंग ताप चढला. आन् तापात माणूस बडबडतो. खाटंभवती घरची माणसं, गडी, शेजारीपाजारी उभी, आन् पाटील डोळं मिटून सांगतोय, "वाळूक खाल्लं... चाकू मिटला न्हाई... वर बसलो... लोहाराला म्हणावं, कुणाला सांगू नको... हसतील..."

समद्यांनी ऐकलं. वाळकापास्नं बुडापतुर समदं. आन् गंमत बघा, ज्या हसण्याला भिऊन येवढं केलं, ते हसू कुणालाच आलं न्हाई. धुरपदा दारात काठीवर रेलून उभी व्हती. ती नुसती म्हणाली, "येवढ्यासाठी?"

शेजारच्या गावचा वैद्य आणला. त्यानं पाय बघून मान हलवली. जीव वाचवायचा तर घोट्यावरनं पाय काढावा लागंल. पाटलाच्या तोंडात चिंधी दिली, चौघांनी धरला, आन् वैद्यानं थैलीतनं चाकू काढला. टोकदार व्हता.

पाटील पुढं लई वर्सं जगला, कुबडीवर. गावानं त्याच्या रानातली टोकं गुडघ्यावर रांगून वर्सभर येचली, तरी समदी गावली न्हाईत.

तर बाबांनो, टोक लागतं म्हणून ते मोडायचं नसतं, चाकू मिटायचा असतो. आन् आपला बेसावधपणा झाकायला जो समद्या गावाची टोकं मोडतो, त्याला हसण्याच्या बदल्यात पाय द्यावा लागतो.